‘हं’ न म्हणणारा हेडफोन

बुधवारी संध्याकाळी सहा वाजता सिस्टरने मला डोक्यावरून उतरवलं, माझी वायर गुंडाळली, मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि तो डबा कपाटावर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परीक्षेला गेली. निकाल अजून लागायचा आहे.

मी एक जुना हेडफोन आहे, मित्रांनो. दोन कान, डोक्यावरून जाणारी एक पट्टी आणि तोंडाजवळ येणारी माईकची बारीक दांडी, एवढंच माझं शरीर. मला ऐकू येतं. मी ऐकवतोही. बोलता मात्र येत नाही. माझी दांडी आहे ती दुसऱ्याच्या तोंडासाठी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे एका जागी तुम्हाला वाटेल, याने तेव्हाच सांगायला हवं होतं.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. एका बाईने माझ्या कानांत जाळी बसवली, दुसरीने तारांना कथलाचा डाग देऊन त्या जोडल्या, तिसरीने फोमच्या काळ्या गाद्या चढवल्या. शेवटच्या टेबलावर एक वयस्क तपासनीस बसायचा. तो प्रत्येक हेडफोन कानाला लावायचा आणि माईकमध्ये एकच प्रश्न विचारायचा, "काय, जेवलास का?" स्वतःचाच आवाज स्वच्छ परत आला की तो हेडफोन खोक्यात टाकायचा. मी ऐकलेला पहिला प्रश्न हाच. त्याने उत्तराची वाट पाहिली नाही. त्याला पुढचा हेडफोन तपासायचा होता.

तिथून मी एका परीक्षा-केंद्रावर गेलो. दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, लाकडी आडोसे घातलेली टेबलं, प्रत्येक टेबलावर एक कॉम्प्युटर. मला सात नंबरचं टेबल मिळालं. परीक्षा इंग्रजीची होती. परक्या देशात कायमचं राहायला जायचं असेल तर आपल्याला इंग्रजी येतं हे आधी सिद्ध करावं लागतं. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग. प्रत्येकात अमुक इतके गुण हवेत. एका भागात जरी कमी पडले तरी बाकीचे तीन वाया.

माझ्या टेबलावर ट्रकड्रायव्हर बसले, दातांचे डॉक्टर बसले, सुतार, आचारी, हिशेबनीस बसले. बाहेर कोण मोठं आणि कोण लहान असेल ते असो, माझी पट्टी सगळ्यांच्या डोक्याला सारखीच बसायची आणि घाम सगळ्यांचा सारखाच खारट. माणूस आवंढा कसा गिळतो ते मी जितक्या जवळून ऐकलं आहे तितकं घशाच्या डॉक्टरांनीही ऐकलं नसेल. हॉलवर देखरेख करणाऱ्या बाईंचा माझ्यावर जीव होता. कोणी फारच घाबरलेला दिसला की त्या म्हणायच्या, "त्यांना सातवर बसवा. सात नंबरचा गुणी आहे, त्रास देत नाही."

त्या टेबलावर मी एक नियम शिकलो. बोलण्याच्या भागात पडद्यावर प्रश्न येतो, टूं असा आवाज होतो आणि एक पट्टी पुढे सरकू लागते. मग बोलायचं. बोलणारा तीन सेकंद गप्प राहिला की मशीन समजतं, याचं बोलून झालं. माईक बंद होतो. त्यानंतर तो कितीही सुंदर बोलला तरी ते कुठेच पोचत नाही. मी तेवढा ऐकतो.

एका आचाऱ्याला वाचनालयाचं वर्णन करायला सांगितलं होतं. तो जन्मात वाचनालयात गेलेला नसावा. पण त्याने श्वास न घेता बोलायला सुरुवात केली आणि पुस्तकं, पंखे, खुर्च्या, सगळं एकाच कढईत परतून काढलं. तो पास झाला. त्याच दिवशी एक प्राध्यापक बसले होते. त्यांना एक शब्द आठवेना. ते थांबले, त्यांनी डोळे मिटले आणि तो शब्द त्यांना सापडला. अगदी अचूक शब्द होता. तोवर माईक बंद झाला होता.

पुढे माझ्या गाद्यांचा फोम सुटू लागला. एका मुलीच्या कानांना काळे कण चिकटले, तिने तक्रार केली. तक्रार खरी होती. दुसऱ्या दिवशी सात नंबरवर नवा कोरा हेडफोन आला आणि मी पॅसेजमधल्या खोक्यात गेलो. देखरेखीच्या बाई रोज त्या खोक्यावरून जायच्या. एकदा त्यांनी त्यावर छत्री वाळत ठेवली. शेवटी भंगाराबरोबर मी एका दुरुस्तीच्या दुकानात पोचलो आणि खिळ्याला लटकलो. किती महिने लटकलो ते मला सांगता येणार नाही. खिळ्यावर दिवस मोजायला काही नसतं.

सिस्टर तिथे आली ती ड्युटी संपवून. खिशाला कात्री आणि दोन पेनं होती.

"माईकवाला हवाय," ती म्हणाली. "इंग्रजीच्या परीक्षेची प्रॅक्टिस करायची आहे."

"मग हाच घ्या, सिस्टर," दुकानदाराने मला खिळ्यावरून काढलं. "परीक्षेच्या सेंटरवरूनच आलाय. सगळी उत्तरं पाठ आहेत ह्याला."

"मग ह्यालाच पाठवते परीक्षेला."

"पाठवा की. पण मग व्हिसा ह्याला मिळेल आणि तुम्ही बसाल इथेच."

दोघं हसली. मला फडक्यात गुंडाळून तिने पिशवीत टाकलं.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. तिथे दोघीच राहत होत्या, सिस्टर आणि तिची सासू. सिस्टर एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या वॉर्डात काम करायची. सासूला ती आई म्हणायची, म्हणून मीही आईच म्हणतो. आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. गावोगावचे कॉल जोडून देण्यात तिची सगळी नोकरी गेली. मला पाहताच तिने चष्मा लावला.

"आमच्या हेडफोनला एकच कान असायचा," ती म्हणाली. "दुसरा मोकळा ठेवावा लागायचा, सुपरवायझरची बोलणी खायला."

तिने उशीच्या जुन्या फ्लॅनेलच्या अभ्र्यातून दोन गोल कापले, कापूस भरला आणि मला नव्या गाद्या शिवून दिल्या. टाके इतके बारीक की हात फिरवला तरी लागत नव्हते. केंद्रावर मला गुणी म्हणत होते, पण कोणी कधी माझ्यासाठी सुईत दोरा ओवला नव्हता.

घरातला तिसरा माणूस दूर होता. आईचा मुलगा, सिस्टरचा नवरा. तो वेल्डर. इथला कारखाना बंद पडला तेव्हा तो परदेशात एका जहाजदुरुस्तीच्या गोदीत कामाला गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. त्याचा कामाचा परवाना वर्षअखेर संपणार होता आणि पुन्हा मिळणार नव्हता. त्या देशाला वेल्डर पुरेसे झाले होते. नर्स मात्र हव्या होत्या. सिस्टर इंग्रजीत पास झाली तर तिला बोलावणं येणार होतं आणि तिच्या जोरावर त्यालाही राहता येणार होतं. निकाल परवाना संपायच्या आत हवा होता. नाहीतर तो परत येणार, आणि इथे त्या कारखान्याच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात.

परीक्षा दोन प्रकारच्या होत्या. एकीत समोर माणूस बसतो, तो विचारतो, आपण बोलायचं. दुसरीत सगळं मशीनसमोर. कोणती द्यायची ते फोनवर ठरलं, आणि तो फोन माझ्यातूनच झाला.

"माणसासमोरची नकोच," वेल्डर म्हणाला. "माणूस समोर आला की तू गप्प होतेस. आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा सगळा वेळ मीच बोलत होतो."

"अहो, तुम्ही मला बोलू कुठे देत होतात?"

"तेच म्हणतोय मी. मशीन मध्ये मध्ये बोलत नाही. शिवाय निकाल दोन-तीन दिवसांत. माणसावालीची तारीखच मिळत नाहीये, निकालाचं तर सोड."

"हं," सिस्टर म्हणाली. "मग मशीनवालीच भरते."

आईने विचारलं, "त्या परीक्षेत समोर कोण बसतं?"

"कोणी नाही. कॉम्प्युटर."

"मग बोलायचं कुणाशी?"

"ह्याच्याशी." सिस्टरने माझ्याकडे बोट केलं.

आईने मला उलटसुलट करून पाहिलं. "हा तर साधं हंसुद्धा म्हणत नाही."

मित्रांनो, हीच ती जागा. आचाऱ्याचं आणि प्राध्यापकांचं काय झालं ते मला माहीत होतं, आणि सिस्टर कोणत्या जातकुळीची आहे तेही मला दोन दिवसांत कळलं होतं. वॉर्डात तिची ख्याती होती ती थांबण्याबद्दल. ऑपरेशनच्या गुंगीतून नुकताच बाहेर आलेला माणूस पटकन उत्तर देत नाही. घाईची नर्स ‘दुखतंय का, पाणी हवंय का’ असं एका दमात विचारते आणि पुढच्या पलंगाकडे जाते. आमची सिस्टर ‘दुखतंय का’ एवढंच विचारायची आणि पलंगाची कड धरून उभी राहायची. माणूस ओठ हलवायचा, पुन्हा गप्प व्हायचा, मग सांगायचा. डॉक्टरसुद्धा म्हणायचे, पेशंट खरं बोलतो ते हिच्यापाशी. ती सवय बोलण्यातही उतरली होती. एक वाक्य बोलायची आणि समोरच्यापर्यंत ते पोचलं का हे बघायला थांबायची. माणसासमोर ती पास झाली असती. मला तसं वाटतं, सिद्ध करता येणार नाही.

सराव सुरू झाला. कॉम्प्युटरवर प्रश्न यायचा, टूं व्हायचं, सिस्टर एक वाक्य बोलायची, थांबायची, आणि पट्टी लाल व्हायची.

"मेलं हे मशीन," ती म्हणायची. "माझं तोंड उघडं असतानाच दार लावून घेतंय."

चार संध्याकाळी असं झाल्यावर आईने स्टूल ओढलं आणि ती सिस्टरच्या समोर बसली. "त्या डबड्याकडे नको बघूस. माझ्याकडे बघ आणि बोल."

"आई, तुम्हाला कळणार आहे का?"

"मला काय करायचंय कळून? उभा जन्म मी लोकांचे कॉल जोडले, ते कळून जोडले काय? लाइनवर माणूस गप्प झाला की आम्ही फक्त ‘हं, बोला’ म्हणायचो. नाहीतर त्याला वाटायचं लाइन तुटली, आणि तो फोन ठेवून द्यायचा. बोल तू."

सिस्टर बोलू लागली. थांबली. आई म्हणाली, "हं, बोला." सिस्टर पुढे बोलली. पुन्हा थांबली. "हं, बोला." आणि मित्रांनो, त्या घरात इंग्रजीला पाय फुटले. इस्पितळाचा जिना, लहानपणीची शाळा, आवडतं झाड, हरवलेली छत्री, काय वाट्टेल ते ती सांगत गेली. व्याकरण चुकलं तरी गाडी थांबेना. मधूनच दोघींना हसू फुटायचं, कारण आई चुकीच्या जागी फार गंभीरपणे मान हलवायची.

"अहो आई, तो विनोद होता. हसायचं असतं."

"परीक्षक हसत नसतो. मी परीक्षक आहे. पुढे बोला."

फक्त एक गोष्ट झाली. मशीन मध्येच तोडतं म्हणून सिस्टरने दुसऱ्याच दिवशी माझी पिन कॉम्प्युटरमधून काढली. सवय राहावी म्हणून मला डोक्यावर घालायची, दांडी तोंडापाशी आणायची आणि बोलायची आईशी. माझी पिन टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत असायची. सगळा सराव असा झाला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं बोलणं मी तेव्हा ऐकलं, आणि त्यातलं एक अक्षरही कुठे पोचत नव्हतं.

पिन परत लागायची ती वेल्डरचा फोन आला की. एका रविवारी तो म्हणाला, "आणि हे बघ, आईचं आत्ता काही होणार नाही. नवरा-बायको एवढंच चालतं. आई-वडिलांचा अर्ज नंतर वेगळा, त्याला किती वर्षं लागतात कोण जाणे. आपण आधी आपलं करू. आईचं नंतर बघू."

सिस्टरने मान वळवली. आई तिथेच शेजारी शेंगा सोलत होती. माझे कान सिस्टरच्या कानांवर घट्ट होते, बाहेर काही जात नव्हतं.

"ऐकतेस ना?"

"हं."

फोन संपल्यावर आईने विचारलं, "काय म्हणत होता?"

"तुमची चौकशी करत होता."

"बरं," आई म्हणाली आणि तिने सोललेल्या शेंगांची टरफलं भरून टाकायला नेली. त्यांत तिने चुकून दाणेही नेले. ते मला दिसलं. सिस्टरला दिसलं नाही.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात सरावाला विषय आला, ‘तुमच्या आयुष्यातली महत्त्वाची व्यक्ती’. पिन नेहमीसारखी लोंबत होती. आई स्टुलावर. सिस्टरने सुरुवात केली ती आईबद्दलच. लग्नानंतर पहिल्यांदा रात्रपाळी आली तेव्हा ही बाई डबा घेऊन इस्पितळाच्या फाटकापर्यंत आली होती, हे तिने इंग्रजीत सांगितलं. मग ती पुढे गेली. मी पास झाले तर तुम्हाला इथे ठेवून जाणार आहे, असं ती इंग्रजीत म्हणाली. मला हे महिनाभर माहीत आहे, ती सांगत गेली. तुम्ही मला ज्या परीक्षेसाठी तयार करताय तीच तुम्हाला एकटं पाडणार आहे, आणि हे आपल्या भाषेत सांगायला माझी जीभ उचलत नाही.

ती थांबली नाही. आवाज फाटला, तरी नाही.

आई तिच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "छान बोललीस. आज मला एकदाही हं म्हणावं लागलं नाही." मग उठता उठता म्हणाली, "सिलिंडरला रेग्युलेटर कसा लावतात ते दाखवून ठेव मला. दर वेळी तुझी वाट बघत बसावं लागतं."

"घाई काय आहे, आई?"

"घाई नाही. दाखवून ठेव."

एक्सचेंजमधल्या बाईला इंग्रजी किती कळत होतं, ते मला माहीत नाही. तिने कधी सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही.

सिस्टर परीक्षेला गेली. मी घरीच होतो, तिथे त्यांचे हेडफोन असतात. शुक्रवारी दुपारी निकाल लागला. ऐकणं, वाचणं, लिहिणं, तिन्ही भागांत हवे त्याहून जास्त. बोलण्यात कमी. थोडे नव्हेत, पुष्कळ.

"एकेका प्रश्नाला माझं एकच वाक्य पोचलं," सिस्टर आईला सांगत होती. "विचारलं, तुम्ही काम काय करता. मी म्हटलं, नर्स आहे. आणि थांबले."

"अगं, का थांबलीस?"

"तुम्ही हं म्हणाल म्हणून."

खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

संध्याकाळी वेल्डरचा फोन आला. सिस्टरने दोन वाक्यांत सांगितलं आणि तिला पुढे बोलवेना. आईने हात पुढे केला. "दे इकडे." तिने मला डोक्यावर घातलं, दांडी ओठांशी नीट वळवली. तशी वळवण्याची पद्धत मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही, एका बोटाने, न बघता.

"ती नापास झालेली नाही," आई म्हणाली. "आमची प्रॅक्टिस चुकली. परत तारीख मिळतेय ना मशीनवालीची?"

"मिळतेय. महिनाभरात."

"मग भर."

"आई..." तो म्हणाला. "ते... झालं जर तिचं, तर मग तुझं..."

तो थांबला. लाइन चालू होती. त्याच्या मागे गोदीतला कुठलासा भोंगा वाजत होता, तो मला स्वच्छ ऐकू येत होता, म्हणजे तिलाही येत होता. हजारो लोकांना ‘हं, बोला’ म्हणणारी ती बाई. ती काही म्हणाली नाही. डोळे मिटून बसून राहिली.

"हॅलो?" तो म्हणाला. "लाइन गेली वाटतं." आणि त्याने फोन ठेवला.

आईने मला उतरवलं. "रेंज गेली त्याची," ती सुनेला म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून पिन कॉम्प्युटरमध्ये लागली. आई समोर बसली, पण तोंडावर हात ठेवून. सिस्टर थांबायची, आईकडे बघायची. आईचा गळा हलायचा, आवाज यायचा नाही. पट्टी लाल.

"आई, मला नाही जमत असं. तुम्ही भुतासारख्या बसता."

"मग पाठ करून बसते."

ती भिंतीकडे तोंड करून बसली. मग काही दिवसांनी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून बसली. तरी सिस्टर थांबायची, दाराकडे बघायची. शेवटी सरावाची वेळ झाली की आई चपला घालून तीन मजले उतरायची आणि खाली कट्ट्यावर बसायची. गुडघे दुखायचे. तिने ते कुणाला सांगितलं नाही, पण जिन्यावर तिचा कठड्यावरचा हात कसा सरकायचा ते दारातून ऐकू येई.

रिकाम्या खोलीत सिस्टर बोलायला शिकली. पट्टी शेवटपर्यंत जाऊ लागली, लाल होईना. वाक्याला वाक्य जोडलं जात होतं, मध्ये फट नव्हती. केंद्रावर पास होणारी माणसं असंच बोलायची. पूर्वी ती बोलली की माझ्या फ्लॅनेलच्या गाद्यांमध्ये समोर कोणीतरी बसल्याचं जाणवायचं. आता तसं होत नव्हतं. गुण त्याला नसतात.

एका संध्याकाळी ती ड्युटीवरून आली आणि पर्स हातातच ठेवून बसून राहिली.

"काय गं? काय झालं?"

"आज एका आजोबांना विचारलं, दुखतंय का. आणि पुढच्या पलंगाकडे गेले. त्यांना उत्तर द्यायचं होतं. त्यांनी मागून घंटी वाजवली तेव्हा कळलं मला."

आईने तिच्या हातातून पर्स काढून घेतली. "परीक्षा झाली की परत येईल," ती म्हणाली. काय परत येईल ते बोलली नाही.

बुधवारी शेवटचा सराव झाला. योगायोगाने विषय तोच आला, महत्त्वाची व्यक्ती. आई खाली कट्ट्यावर होती. सिस्टरने आईबद्दल सांगितलं. इस्पितळाचं फाटक, डबा, एक्सचेंज, फ्लॅनेलच्या गाद्या. चांगली चार-पाच विशेषणं वापरली. कुठे अडखळली नाही. पट्टी पूर्ण भरली. सोडून जाण्याचं काही त्यात नव्हतं, विषयाला ते लागत नव्हतं.

आई धापा टाकत वर आली. "झालं?"

"झालं."

"थांबलीस कुठे?"

"नाही."

"शाबास," आई म्हणाली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

सहा वाजले होते. त्यानंतरच मी डब्यात गेलो. गुरुवारी सिस्टर परीक्षा देऊन आली तेव्हा पत्र्यातून मला एवढंच ऐकू आलं, "ह्या वेळी थांबले नाही, आई."

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायचं असतं. मला नवा फोम नको, माझ्या गाद्या उत्तम आहेत. माझी वायर ओढू नका असंही मी म्हणत नाही, ती आता ओढायला कोणी उरेल की नाही हेच माहीत नाही. एकच मागतो. तुमच्याशी बोलणारं माणूस मध्येच थांबलं, तर त्याचं बोलून झालं असं लगेच धरू नका. ते काम मशीनला करू द्या. तुम्ही थोडं उभे राहा. आणि एवढासा आवाज तुम्हाला देता येतो, जो मला देता आला नाही, तो द्या.

आता शेवटची बातमी. आज शनिवार, दुपार. सिस्टर ड्युटीवर आहे. निकाल आलेला नाही. थोड्या वेळापूर्वी आईने स्टूल कपाटापाशी ओढलं, भिंतीला धरून त्यावर चढली आणि डबा खाली घेतला. मला बाहेर काढून पुसलं. मग खिडकीपाशी बसून तिने मला डोक्यावर घातलं आणि दांडी एका बोटाने ओठांशी आणली.

माझी पिन तिच्या मांडीवर पडली आहे. ती कशालाच जोडलेली नाही.

"हं," ती म्हणाली, "बोला."

आणि ती थांबली आहे.